घरचं नेट स्लो चालतंय? केबलवाल्याला फोन लावण्याआधी या चुका टाळा

‘नेट स्लो आहे, माणूस पाठवा’ एवढंच सांगून फोन ठेवला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा येतो, राउटर बंद-चालू करतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि जातो. रात्री पुन्हा रडगाणं सुरू. स्पीड घरातल्या वायफायमध्ये अडतोय, खिडकीपर्यंत आलेल्या वायरमध्ये की त्याच्या पुढच्या लाइनमध्ये, हे कोणी तपासलेलंच नसतं. ही तपासणी ग्राहकाने स्वतः करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बेडरूममध्ये बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट घ्यायची आणि तोच आकडा केबलवाल्याला ऐकवायचा. त्या आकड्यात तुमचं वायफायही धरलेलं असतं, त्यामुळे लाइनबद्दल त्यावरून काहीच ठरत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही नेटवरून काढा, मग टेस्ट घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवा. ज्या संगणकापर्यंतचा वेग मोजायचा तो सर्व्हर टेस्टची साइट आपोआप निवडते आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा निघतो. तिथपर्यंतची लाइन चांगली असली म्हणजे पुढचीही चांगली असेल असं नाही, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडूनही बघा.

आकडे वाचताना एक गफलत नेहमी होते. प्लॅन मेगाबिटमध्ये (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) असतो आणि डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट. 100 एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरत असेल तर तक्रारीला जागाच नाही.

प्लॅन 200 किंवा 300 चा आणि वायरवर आकडा 90-95 च्या पुढे हलतच नसेल, तर लॅन केबलच्या टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरून बघा. आत आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. घाईघाईत क्रिम्प केलेल्या, म्हणजे टोकाला क्लिप दाबून बसवलेल्या केबलमध्ये चारच जोडलेल्या असतात आणि त्या 100 एमबीपीएसच्या पुढे जाऊ शकत नाहीत. जुन्या राउटरचे पोर्टही तेवढ्याच क्षमतेचे असतात. अशा वेळी मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

वायरवर पूर्ण स्पीड येतोय आणि मोबाइलवर नाही, तर दोष घरातच आहे. टीव्हीच्या कपाटात, फ्रिजमागे किंवा दाराजवळच्या मीटरच्या कोपऱ्यात राउटर ठेवू नका. तो घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर असू द्या. बहुतेक राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्कं देतात. 2.4 लांबवर पोहोचतं, पण बिल्डिंगमधल्या सगळ्या शेजाऱ्यांचं वायफाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात असतात. टीव्ही आणि लॅपटॉप 5 वर टाका. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 चा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली मार्गिका, 1, 6 किंवा 11 यांपैकी जो रिकामा असेल तो ठेवा. स्वस्तातला रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) बहुतेक वेळा स्पीड निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावलेला बरा.

आता एक कळकळीची विनंती. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेट केलं की लाइनचा युजरनेम, पासवर्ड आणि बाकीची सेटिंग पुसली जाते. हळू चालणारं नेट पूर्ण बंद पडतं आणि शनिवारी संध्याकाळी हे झालं तर सोमवारपर्यंत कोणी येत नाही. युजरनेम-पासवर्ड आजच मागून वहीत लिहून ठेवा.

लॅन केबलवरही स्पीड कमी येत असेल तर आधी बाहेरची वायर घरात कुठून आली आहे ते बघा. आपल्याकडे ही फायबर (काचेच्या तंतूची वायर) बहुधा स्लायडिंग खिडकीच्या फटीतून आत घेतात. खिडकी लावली की पल्ला तिच्यावर दाबला जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी नेट फक्त रात्री स्लो व्हायचं. त्या घरात खिडकी रात्रीच बंद करायचे! लाइनमनने पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र, लावला तेव्हा आकडा उणे 29 डीबीएम (त्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) होता. वायर मोकळी केल्यावर तो उणे 21 झाला. उणे 27 च्या खाली गेलं की सिग्नल भरवशाचा राहत नाही. म्हणून माणूस आला की मीटर लावायला सांगा आणि आकड्याचा फोटो काढा. त्याने सगळ्यात आधी मीटर लावावा, मोबाइलवरची टेस्ट नंतर.

पॉवर चांगली, दुपारी स्पीड पूर्ण आणि रात्री मात्र पडतो, तर गर्दी पुढे आहे. एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे 2.5 गिगाबिटची एक लाइन 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. सगळे एकदम मॅच बघायला बसले की ती कमी पडू शकते. इथे तुमच्या हातात काही नसतं, पण दुपारचे आणि रात्रीचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की केबलवाल्याला ‘तुमच्या मोबाइलचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणता येत नाही. महिनाअखेरीलाच हळू होत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली आहे का तेही बघा.

शेवटची चूक तक्रारीची. लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर ‘दादा, बघा ना जरा’ असा मेसेज ही तक्रार नव्हे. गल्लीतला केबलवाला पुष्कळदा फ्रँचायझी असतो आणि लायसन्स असलेल्या कंपनीचं नाव बिलावर असतं. तिच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे. टेलिकॉम सेवेची तक्रार ग्राहक आयोगातही नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

कनेक्शन बदलायचंच ठरलं तर नव्या कंपनीची लाइन ज्यांच्या घरी आहे अशा बिल्डिंगमधल्या कोणाला तरी रात्री नऊला टेस्ट घ्यायला सांगा. सूट मिळते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, पहिला महिना बघा. जुन्याचं यंत्र परत करताना डिपॉझिटची पावती आणि यंत्र मिळाल्याची सही, दोन्ही घेतल्याशिवाय ते हातातून सोडू नका.