ऑनलाइन कोर्स मधेच सुटतोय? स्वभाव ओळखा, या चुका टाळा

एनपीटीईएल म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स. त्यांना नाव घालायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे वर्गातली बहुतेक मुलं नाव घालतात. परीक्षेची फी भरायची वेळ आली की गळती दिसते आणि आम्ही शिक्षक ‘पोरं आळशी झालीत’ असं म्हणून मोकळे होतो. पहिली चूक हीच. एकाच कोर्समधून चार मुलं चार वेगळ्या कारणांनी बाहेर पडतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धास्तावणाऱ्या मुलांची. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या आठवड्याच्या असाइनमेंटमधली दहापैकी नऊ उत्तरं भरून ठेवली होती. दहाव्याची खात्री नव्हती, म्हणून तिने सबमिटच केलं नाही. बुधवारी रात्री बारा वाजले, मुदत संपली आणि आठवडा कोरा गेला. पुढच्या आठवड्यात तिने साइट उघडलीही नाही. अशा मुलांना ‘मुदत जवळ आली’ असे मेसेज पाठवू नका, धास्ती आणखी वाढते. त्यापेक्षा नियम समजावून सांगा: मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं धरलं जातं. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठच असाइनमेंट मोजल्या जातात. तेव्हा पहिल्याच दिवशी येईल तसं भरून टाक, मग सुधारत बस. एवढं कळलं तरी या मुलांचा जीव भांड्यात पडतो.

दुसरी चूक म्हणजे टॉपरचं वेळापत्रक सगळ्यांच्या माथी मारणं. संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मुख्य गुण मानतात, त्यांपैकी शैक्षणिक यशाशी सर्वांत घट्ट नातं कर्तव्यदक्षतेचं निघालं. ऑनलाइन शिकताना तर ना घंटा, ना हजेरी. ज्याच्या अंगी ही शिस्त नाही त्याला ‘रोज दोन तास’ म्हणून काही होत नाही. त्याला खूणगाठ द्या: रात्रीची जेवणं आटोपली, ताटं उचलली, की त्याच खुर्चीत बसून एक व्हिडिओ. एकच.

उत्साही, कुतूहलाची मुलं एकदम पाच कोर्स घेतात. त्यांना एकावर आणा, उरलेल्यांची यादी वहीत लिहून ठेवायला सांगा.

बोलक्या मुलाला एकट्याने स्क्रीनसमोर बसवणंही चूकच. त्याला जोडीदार हवा. आणि कॅमेरा बंद ठेवणाऱ्या गप्प मुलाला रस नाही, असं धरून चालू नका. त्याला प्रश्न आदल्या दिवशी द्या आणि उत्तर लिहून मागवा.