मुंबईच्या इमारतींचे अमूर्त फोटो कसे काढावेत

फोटोत इमारत ओळखू आली की बघणारा तिचं नाव घेतो आणि पुढे जातो. अमूर्त फोटोत म्हणूनच पाटी, प्रवेशद्वार, तळमजला आणि गच्ची फ्रेमबाहेर ठेवायची. मग छज्ज्यांच्या रेषा, सावल्यांचे पट्टे आणि एकासारख्या एक खिडक्यांची रांग एवढंच उरतं. मुंबईत मात्र यात आणखी एक गोष्ट हवी, असं मला ठामपणे वाटतं. त्या रांगेत कुठेतरी माणसाची एक खूण राहू द्यावी. वाळत घातलेली साडी चालेल, अर्धवट उघडी खिडकी चालेल. ती कशी राखायची, ते पुढे येईलच.

१. भिंत आणि तिची दिशा

सुरुवात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हपासून करा. इथल्या आर्ट डेको, म्हणजे १९३०-४०च्या दशकांतल्या ठळक रेषा आणि गोलाईच्या शैलीतल्या, इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवरचे लांबलचक छज्जे, जिन्याच्या उभ्या पट्ट्या असा अमूर्त फोटोला लागणारा सगळा ऐवज इथे तयार मिळतो. ओव्हलच्या पश्चिम कडेच्या इमारतींची तोंडं पूर्वेला आहेत, म्हणून तिथे सकाळी जा. मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे बघतात, त्यांच्यावर ऊन दुपारनंतर येतं. वेळ उलटी झाली तर भिंत सावलीत सपाट दिसते आणि मागचं आकाश जळून पांढरं होतं.

काँक्रीटची मोठी, ठसठशीत भूमिती हवी असेल तर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही उंच निवासी इमारत बघा. १९८३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या कोपऱ्यांतून दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरून काढल्या आहेत. त्या पोकळ्यांतला काळोख आणि बाहेरचं ऊन एवढ्यावरच फोटो उभा राहतो. काचेच्या इमारतींसाठी बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आहेच.

२. सूर्याचा हिशेब

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. फोटोग्राफर ही वेळ टाळतात, पण इमारतींसाठी ती फार मोलाची आहे. त्यानंतर ऊन पश्चिमेच्या भिंतीवरून जवळजवळ घासत खाली उतरतं आणि प्लास्टरचा खडबडीतपणाही उठून दिसतो. मेच्या मध्यात, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवरचा दोन फुटी छज्जा दुपारी दोनला साधारण साडेपाच फूट लांब सावली टाकतो. चारच्या सुमारास तीच सावली दोन फुटांच्याही आत येते. म्हणजे दोनला लांब उभे पट्टे मिळतील, चारला बारीक आडव्या रेघा. एकाच जागी उभं राहून दोन वेगळे फोटो होतात.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंती पकडा. पावसाळ्यात बहुतेक दिवस सावल्या नसतात, पण ढगाळ आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं मिळतं आणि त्यावर भिजलेल्या काँक्रीटची गडद कड फार सुंदर उमटते. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते.

३. फोटो काढताना

इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. त्यापेक्षा लांब जा आणि ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स वापरा. ओव्हलच्या मोकळ्या मैदानाचा हाच फायदा आहे. मोबाइल असेल तर त्यातली टेलिफोटो लेन्स निवडा. बोटांनी झूम वाढवत नेल्यास बारकावे विरघळतात. भिंतीच्या बरोबर समोर उभे राहा आणि स्क्रीनवरची ग्रिड चालू ठेवा.

अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १०० किंवा २००, शटर १/२०० किंवा त्याहून वेगवान, एवढं पुरतं. पांढऱ्या भिंतीवर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्या. चारही बाजूंना जागा सोडा, कारण रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. काचेच्या इमारतीवर पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंबं कमी करणारा फिल्टर, फिरवून बघा, पण समोरच्या इमारतीचं वेडंवाकडं प्रतिबिंब हाच विषय असेल तर तो काढून ठेवा.

रस्त्यावरून फोटो काढा. चाळीच्या गॅलरीत जायचं असेल तर तिथल्या लोकांना विचारून जा, ते त्यांचं घर आहे. लांब लेन्सने खिडकीच्या आतलं टिपू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

४. संपादन

स्नॅपसीड किंवा लाइटरूम, दोन्ही मोबाइलवर चालतात. आधी रेषा सरळ करा. भिंत किंचित तिरपी राहिली तर ती चूक वाटते, त्यामुळे एक तर पूर्ण सरळ करा किंवा मुद्दाम ठळक तिरकी ठेवा. मग क्रॉप. आकाशाचा छोटा कोपरा उरत असेल तर तो कापा. आकाश ठेवायचंच असेल तर त्याला स्वतःचा स्पष्ट आकार हवा, एखादा त्रिकोण किंवा पट्टा. फोटो ९० किंवा १८० अंशांत फिरवूनही बघा. इमारत ओळखू येईनाशी झाली तरी रचना टिकत असेल, तर क्रॉप जमला.

कृष्णधवल करताना निळ्या रंगाची स्लायडर खाली आणली की आकाश काळं होतं आणि पिवळी वर नेली की क्रीम रंगाची भिंत उजळते. निळी फार खाली नेली तर इमारतीच्या कडेला पांढरट किनार दिसू लागते, तिथून थोडं मागे या. रंगीत ठेवणार असाल तर सगळे रंग एकदम भडक करू नका. जुन्या इमारतींचा पिस्ता, फिका गुलाबी, हळदीसारखा पिवळा यांपैकी एकच रंग वाढवा आणि बाकीचे दबू द्या. धुरकट दिवशीच्या फोटोला डीहेझ, म्हणजे धूसरपणा कमी करणारी स्लायडर, थोडीशीच लावा.

आता ती खूण. एसीचे डबे, वायरी, कबुतरं हीलिंग टूलने क्षणात पुसता येतात, आणि हात लगेच तिकडे वळतो. आधी मोजा. वीस खिडक्यांत दहा एसी असतील तर तोही एक नमुनाच आहे, त्याला हात लावू नका. दोन-तीनच असतील तर डोळा जिथे आपोआप थांबतो तो ठेवा आणि बाकीचे पुसा. बहुतेकदा तो फ्रेमच्या मध्यापासून जरा बाजूला असलेला बरा, त्यासाठी पुन्हा क्रॉप करावा लागला तरी करा. सगळंच पुसलेली भिंत कुठल्याही शहरातली होऊ शकते.

फाइल सेव्ह करताना नावात इमारतीसोबत भिंतीची दिशा, महिना आणि वेळ लिहा. मरीन ड्राइव्ह, पश्चिम, मे, दुपारी दोन, असं. त्याच भिंतीकडे डिसेंबरात कधी जायचं, ते या नोंदीवरून ठरवता येईल.