ट्रिक वॉटर स्कीइंग पाहताना कसरत ओळखावी कशी आणि गुण मांडावेत कसे

खासबागेच्या कुस्ती मैदानात दोन्ही खांदे मातीला लागले की नाही, हे वरच्या पायरीवर बसलेला कोल्हापूरकरही छातीठोकपणे सांगतो. तोच माणूस मोबाइलवर वॉटर स्कीइंगमधील ट्रिक प्रकार, म्हणजे बोटीमागे दोरीने ओढले जात पाण्यावर गिरक्या आणि उड्या घेण्याचा खेळ, पाहू लागला, की वीस सेकंदांत खेळाडू नेमका किती वेळा आणि कोणत्या अंगाने फिरला हे त्याला सांगता येत नाही, कारण इथे दोन कसरतींमध्ये श्वास घ्यायलाही सवड नसते. तरीही गुणांकनाची पद्धत अवघड नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तिघाचौघांनी बसून स्पर्धेच्या चित्रफिती पाहिल्या, तर आठवडाभरात हात बसतो.

प्रत्येक खेळाडूला वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या मिळतात. बोट सरळ मार्गाने आणि खेळाडूने आधी सांगितलेल्या स्थिर वेगाने जाते. पायातील स्की, म्हणजे पाण्यावर सरकणारी फळी, आखूड असते आणि तिच्या तळाला पाते नसते, म्हणूनच ती पाण्यावर आडवी होऊ शकते आणि उलट्या दिशेनेही सरकते. खेळाडू पडला की ती फेरी तिथेच संपते, आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजण्यापूर्वी पूर्ण न झालेली कसरत धरली जात नाही. येथे सौंदर्याला गुण नाहीत, ही गोष्ट नव्या प्रेक्षकाच्या पचनी पडायला वेळ लागतो. डौलदार गिरकी आणि कशीबशी सावरलेली गिरकी, दोन्ही नियमानुसार पूर्ण झाल्या असतील तर त्यांचे गुण सारखेच असतात.

कसरत ओळखताना नजर खेळाडूच्या हातांवर किंवा चेहऱ्यावर न ठेवता स्कीच्या टोकावर ठेवावी. सुरुवातीला टोक बोटीकडे होते की पाठमोरे होते, आणि शेवटी ते कुठे आले, एवढे कळले की निम्मे काम झाले. समोरून अर्धी गिरकी घेऊन पाठमोरे होणे याला ‘बी’, पाठमोऱ्या स्थितीतून पुन्हा समोर येणे याला ‘एफ’, समोरून समोर अशा पूर्ण गिरकीला ‘ओ’ आणि पाठीकडून पाठीकडे अशा पूर्ण गिरकीला ‘बीबी’ असे लिहितात. ‘5’ हा आकडा दीड गिरकी म्हणजे 540 अंश दर्शवतो आणि ‘7’ हा दोन गिरक्या म्हणजे 720 अंश. त्यामुळे ‘5बी’ म्हणजे दीड गिरकी घेऊन पाठमोरे थांबणे. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते. तो गिरक्या मोजत बसतो आणि शेवटची दिशा पाहायची विसरतो, वास्तविक शेवटची दिशा पक्की ठाऊक असेल तर अर्ध्या गिरकीची गफलत होऊच शकत नाही.

दुसरा प्रश्न, ही गिरकी पाण्याच्या पृष्ठभागावर झाली की बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घेऊन हवेत झाली. हवेत झाली असेल तर अक्षरापूर्वी ‘डब्ल्यू’ लावतात. लाटेच्या आसपास फिरणे म्हणजे लाटेवरची कसरत नव्हे. स्की पाण्यापासून सुटलेली दिसली पाहिजे. गुणांतील फरक पाहिला की हा काटेकोरपणा का, ते उमगते. एका स्कीवर पृष्ठभागावरील ‘ओ’ला 90 गुण आहेत, तर ‘डब्ल्यूओ’ला 150. दोन स्कींवर हेच आकडे 40 आणि 110 होतात. ‘बी’ला एका स्कीवर 60, तर ‘डब्ल्यूबी’ला 80 गुण मिळतात.

तिसरा प्रश्न दोरीचा. फिरताना पाय दोरीवरून ओलांडला असेल तर ‘एल’ येतो, आणि हँडल हातात नसून पट्ट्याने पायात अडकवलेले असेल तर ‘टी’ येतो. पायाने ओढून घेत केलेल्या ‘टीओ’ला 200 आणि ‘टीडब्ल्यूओ’ला 300 गुण आहेत. बहुतेक खेळाडू एक फेरी हातांची आणि एक पायाची ठेवतात. पायाच्या फेरीत बोटीत एक माणूस दोरी सोडण्यासाठी सज्ज बसतो, कारण पाय अडकलेल्या अवस्थेत पडणे फार धोक्याचे असते. कोलांटउड्या वेगळ्याच मापाच्या असून साध्या मागील कोलांटीलाच 500 गुण आहेत, म्हणूनच मोठे खेळाडू हातांच्या फेरीत त्यांची माळ लावतात आणि जागतिक पातळीवरील पुरुषांचे दोन फेऱ्यांचे गुण 12,000 च्या वर जातात.

एकच कसरत दोन्ही फेऱ्या मिळून एकदाच धरली जाते. पुन्हा केली तर शून्य. मात्र ज्यांना कसरतींच्या गुणतक्त्यात मान्यता आहे अशा कसरती विरुद्ध दिशेने केल्या, तर त्या उलट्या म्हणून मूळ कसरतीइतक्याच गुणांस पात्र ठरतात आणि त्यांच्या आधी ‘आर’ लिहितात. म्हणून पहिली गिरकी डावीकडून झाली की उजवीकडून, याची खूण कागदावर हवीच.

लिहिण्याची माझी शिफारस अशी, की एकाने फक्त पाहावे आणि मोठ्याने सांगावे, दुसऱ्याने फक्त लिहावे. स्वतः लिहायला मान खाली घातली की एक कसरत निसटलीच म्हणून समजा. गुण चालू फेरीत मांडू नयेत. चित्रफीत मागे घेऊन संथ गतीने पाहणेही पहिला कागद पूर्ण झाल्यानंतरच करावे, अन्यथा डोळ्याला सवय लागत नाही.

समजा, एका स्कीवर खेळाडूने ‘ओ’, ‘आरओ’, ‘बी’, ‘बीबी’, ‘एफ’, ‘डब्ल्यूबी’, ‘डब्ल्यूएफ’, ‘डब्ल्यूओ’, पुन्हा ‘ओ’ आणि शेवटी मागील कोलांटी केली, पण कोलांटी संपण्यापूर्वी भोंगा वाजला. बेरीज 90, 90, 60, 90, 60, 80, 80 आणि 150, म्हणजे 700 होते. दुसऱ्या ‘ओ’ला शून्य आणि कोलांटीचे 500 गुण बुडाले. तिघे पाहणारे असतील आणि ‘डब्ल्यूओ’ला स्की खरेच हवेत होती का यावर मतभेद झाला, तर ज्या निर्णयाच्या बाजूने दोघे आहेत तो ग्राह्य धरावा, स्पर्धेतील पंचांतही कसरत मान्य होते ती बहुमतानेच.