झडीच्या दिवसांत शेततळ्यावर पहाटे चक्कर मारा

श्रावण-भाद्रपदात तीन-चार दिवस झड लागते, सूर्याचं दर्शन होत नाही, आणि एखाद्या सकाळी शेततळ्यात पांढरी पोटं वर करून मासे तरंगताना दिसतात. पहिलं वाक्य तोंडातून निघतं, "कुणीतरी औषध टाकलं." एवढ्यावरून भावकीत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून कुणावर संशय घेण्याआधी मेलेले मासे नीट बघा. किलो-किलोचे कटला-रोहू मेलेत, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मात्र काठाला तोंड वर काढून जिवंत आहे, बेडकं ठणठणीत आहेत आणि मर पहाटेच झाली आहे, असं असेल तर बहुतेक वेळा विषबाधा नसते. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. विषाला दिवस-रात्र नसते, आणि त्याने लहान जीवही सुटत नाहीत.

हा प्राणवायू रात्रीतून जातो कुठे? बराचसा त्या हिरव्या पाण्यातच. पाण्याला हिरवा रंग येतो तो सूक्ष्म शेवाळामुळे. ऊन असेपर्यंत हे शेवाळ आणि बुडालेली हायड्रिलासारखी पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न बनवतात आणि प्राणवायू पाण्यात सोडतात. श्वास मात्र त्या चोवीस तास घेतात. दिवसा कमाई खर्चापेक्षा जास्त असते म्हणून खर्च दिसत नाही. दिवस मावळला की कमाई बंद. मग शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारं उरलंसुरलं खाद्य, सगळे त्याच साठ्यावर रात्र काढतात. दाट हिरव्या तळ्यात दुपारी चारला लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर असलेला प्राणवायू तांबडं फुटायच्या आधी 2 च्याही खाली जाऊ शकतो. आपल्या कटला, रोहू, मृगळाला 5 च्या आसपास हवा असतो. झडीत तर दिवसाची कमाईच होत नाही, आणि बांधावरून काळ्या मातीचं गढूळ पाणी तळ्यात उतरलं की उजेड वीतभरही खाली जात नाही.

घरातल्या लेकरांना हे दाखवायचं असेल तर हायड्रिलाची ताजी काडी तोडून पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत उन्हात ठेवा. तुटलेल्या टोकातून मोत्यासारखे बुडबुडे ओळीने वर येतात. बरणीवर पोतं टाका, थोड्या वेळाने उचलून बघा, ओळ थांबलेली असते. 1779 साली यान इंगेनहाऊस या डच वैद्य-संशोधकाने पाण्यातल्या वनस्पतींचे असेच बुडबुडे पाहून उजेडाचं काम जगापुढे मांडलं होतं.

आता तळ्यावरचं काम. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा कोपर बुडण्याच्या बऱ्याच आधी दिसेनासा झाला तर शेवाळ दाट झालं आहे. अशा तळ्यात शेण, खत पूर्ण बंद करा. आभाळ भरून आलं की खाद्यही थांबवा. दोन-तीन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही, पण खाल्लेलं पचवायला त्याला जास्त प्राणवायू लागतो आणि न खाल्लेली पेंड, कोंडा तळाशी कुजतो. शेवाळ मारायचं औषध तर या दिवसांत चुकूनही टाकू नका. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं. पाणवनस्पती माजली असेल तर हाताने, थोडी थोडी, चार-पाच दिवसांत काढा. जलपर्णी मात्र दिसेल तशी उपसा. तिची पानं हवेत असतात, त्यामुळे प्राणवायू हवेत जातो, आणि खालच्या शेवाळाचा उजेड ती अडवते.

एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर तो मध्यरात्रीपासून ऊन पडेपर्यंत चालवा. भर उन्हात हिरव्या तळ्यात तो चालवणं म्हणजे बहुतेक वेळा वीज वाया घालवणं. एअरेटर नसेल तर तळ्यातलंच पाणी मोटारीने उचलून तुषारच्या नोझलमधून पुन्हा तळ्यावर उडवा. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळाला टेकू देऊ नका, नाहीतर तळाची घाण वर येईल. विहीर-बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून फवारूनच पडू द्या, जमिनीतल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. रात्रीच्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून झड लागताच डिझेल इंजिन सुरू करून बघून ठेवा.

आणि पहाटे चारला बॅटरी घेऊन तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील आणि बॅटरीचा उजेड अंगावर पडूनही बुडी मारत नसतील, तर त्याच क्षणी पाणी उडवायला लागा. मृगळ हा तळाला राहणारा मासा. तोही वर दिसला तर हातात फार वेळ उरलेला नाही, शेजाऱ्याची मोटारही मागवा. उघडीप झाली तरी पहिल्या दिवशी पूर्ण खाद्य देऊ नका. ऊन चढल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला निम्मं टाका, आणि मासे त्यावर येतात का ते काठावर थांबून बघा.