स्वयंसेवकांच्या बळावर पाणचक्की चालवायची तर

दक्षिण इंग्लंडमधल्या एका गावात मी बरीच वर्षं शनिवार-रविवारी पाणचक्कीवर दळते. या देशात १०८६ सालच्या डूम्सडे नोंदीतच, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीतच, सहा हजारांच्या आसपास गिरण्या मोजल्या गेल्या होत्या. त्यातल्या ज्या थोड्या आज फिरतात, त्यातल्या कितीतरी निवृत्त शिक्षक, सुतार, परिचारिका अशा बिनपगारी माणसांनी जिवंत ठेवल्या आहेत. नवीन गट आमच्याकडे विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात कुणीतरी आधीच एक सल्ला ठेवलेला असतो: चाक फिरतं करा, शेजारी चहा-केकची खोली काढा, लोक आपोआप येतील.

हे चूक आहे. नुसतं फिरणारं चाक लोक पाच मिनिटं बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्याच चाकावर दगड चालू असेल, पन्हळीतून कोमट पीठ पडत असेल, वास सुटला असेल, तर तीच माणसं अर्धा तास जागची हलत नाहीत आणि जाताना पिठाची पिशवी घेऊन जातात. म्हणून आधी दळण, मग चहा.

इमारत डागडुजी केलेली आहे, विमा आहे, दातेरी चाकांना कुंपण आहे, हे मी धरून चालते. पीठ विकायचं तर सुरुवात करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी करा. ती फुकट आहे. पाण्याच्या परवान्याचं एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेला आधीच विचारा. आणि दळा फक्त संपूर्ण गव्हाचं पीठ. कोंडा काढलेल्या पिठात इथल्या कायद्याने कॅल्शियम, लोह आणि ब-जीवनसत्त्वं मिसळावी लागतात. संपूर्ण गव्हाच्या पिठाला ती सक्ती नाही. गहू कोरडा घ्या. दमट गहू दगडाच्या खाचांत लुकणासारखा बसतो.

आता दगड. माझी पहिली दोन वर्षं इथेच गेली.

खालची तळी स्थिर असते, वरची फिरते. चार फुटी वरची तळी साधारण टनभर वजनाची असते आणि मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे घेते. दोन्ही तळ्या एकमेकींना कधीही टेकू द्यायच्या नाहीत. मधल्या भोकापाशी जाड तपकिरी कागदाएवढी फट, कडेला पातळ कागदाएवढी. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात ती फट दर काही मिनिटांनी बदलते, कारण पाणी बदलतं, गहू बदलतो, दगड तापतो. आमची आजी डाळ भरडताना जात्याच्या मधल्या मेखेवर चिंधी घालून वरची तळी उचलून घ्यायची, पीठ दळताना ती चिंधी काढायची. गिरणीत चिंधीच्या जागी एक लांब तरफ आणि स्क्रू आहे, काम तेच.

सुरुवात करताना तळी उचललेली हवी. पाण्याची झडप थोडीच उघडा, चाक हललं की लगेच गहू सोडा, तो दगडांमध्ये पोचल्याचा आवाज आला की मगच तळी हळूहळू खाली आणा. बरेच जण आधी फट लावून ठेवतात आणि मग पाणी सोडतात. तसं करू नका.

फट बरोबर आहे की नाही हे स्क्रूवरच्या खुणेवरून ठरवू नका. पन्हळीखाली हात धरा, पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळा. रव्यासारखं टोचलं तर तळी किंचित खाली. हाताला चटका बसेल इतकं गरम लागलं, वास करपट आला, तर त्याच क्षणी वर. कोंडा चपटा, रुंद पापुद्र्यासारखा आणि पीठ मऊ, कोमट असेल तर हात लावू नका. नवशिके इथेच स्क्रूशी खेळत बसतात.

सगळ्यात मोठा धोका रिकाम्या दगडांचा. गहू संपला की तळ्या एकमेकींवर घासतात, ठिणग्या उडतात, आणि पिठाची धूळ भरलेल्या लाकडी इमारतीत ठिणगी म्हणजे आग. एकदा शाळेच्या मुलांना मी दातेरी चाकं दाखवत होते. हॉपर, म्हणजे दगडांवरची गव्हाची पेटी, रिकामा होत आला की वाजणारी घंटा असते, तिची दोरी मी सकाळी अडकवलीच नव्हती. आधी वास आला, मग दगडाचा कर्कश आवाज. झडप बंद करेपर्यंत मोजून काही सेकंद गेले असतील. आग लागली नाही, पण दगडाची टाकी, म्हणजे त्यावर कोरलेल्या खाचांची धार, बोथट झाली. तळी यारीने उचलून, उलटी करून, आम्ही तिघांनी कित्येक संध्याकाळी पुन्हा टाकी लावली. हा फ्रेंच बर दगड आहे; पॅरिसच्या पूर्वेकडच्या मार्नच्या खोऱ्यातले तुकडे जोडून, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला, आणि अतिशय कठीण. टाकी लावल्यानंतरचं पहिलं दळण फेकून द्यावं लागतं, त्यात दगडाची कच असते. ते विकायचं नाही, घरीही न्यायचं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे, आणि त्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही: दगडापाशी असलेला माणूस पाहुण्यांशी बोलत नाही. बोलायला दुसरा माणूस. दोघं नसतील तर त्या दिवशी दळण नाही, दारावर तशी पाटी. लोक नाराज होतात, होऊ द्या.

बंद करताना आधी तळी उचला, मग झडप लावा, आणि दगडांमध्ये थोडा गहू राहू द्या.

नवीन माणसाला पहिले सहा महिने फक्त हात शिकवा. त्याच्या बोटांत पीठ द्या आणि विचारा, काय करशील? उत्तर तीन-चार शनिवार सलग बरोबर आलं की स्क्रू त्याच्या हातात. असे निदान चार जण तयार ठेवा. आमच्याकडे एका हिवाळ्यात दळता येणारे दोघे एकदम आजारी पडले आणि सात आठवडे चाक रिकामंच फिरलं; येणारी माणसं दर आठवड्याला कमी होत गेली.

पाण्याचा अंदाज उन्हाळ्यातच नाही, पावसाळी आठवड्यातही चुकतो. नदी फुगली की चाकाखालचं पाणी वर चढतं, पात्या त्यात अडकतात आणि चाक थांबतं. म्हणून दळणाची वेळ जाहीर करताना “पाणी असेल तर” हे मोठ्या अक्षरात लिहा. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभर गिरण्या उघड्या असतात. त्या दोन दिवसांसाठी पंधरवडाभर आधीपासून पीठ साठवू नका. लोकांना डोळ्यांदेखत दळलेलं हवं असतं.

आणि एक हाती जातं दारापाशी ठेवा. औरंगाबादची पाणचक्की लहानपणी पाहिलेली मी इथे हे जातं मांडलं, तेव्हा मंडळींना ते बिनकामाचं वाटलं होतं. आता मुलं आधी त्याच्याकडे धावतात. मूठभर गहू घालून दोन-चार फेरे ओढले की हात दुखतो, मग ती आत येऊन टनाची तळी बघतात, आणि ती कशासाठी आहे हे त्यांना सांगावं लागत नाही.