कुळागरातलं खत ओहळात जाऊ नये म्हणून छोटी पाणथळ कशी करायची

आमचं कुळागर, म्हणजे उतारावरची बागायत, गोव्यात फोंडा तालुक्यात, वर सुपारी-केळी, खाली थोडं भात आणि त्याच्याखाली ओहळ. तीन वर्षांपूर्वी चवथीनंतर ओहळाच्या कोंडीत हिरवं शेवाळ एवढं माजलं की बायकांनी तिथे कपडे धुणं बंद केलं, आणि सगळे वरच्या घरांच्या सांडपाण्याला नावं ठेवत होते, मी पण. मग एकदा नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आणल्या (ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतात) आणि आमच्याच पाटाच्या तोंडाशी बुडवल्या तर पट्टी लालभडक, म्हणजे शेवाळाला पोसणारं नायट्रेट भरपूर. म्हणजे चोर घरातलाच.

आता नेमकं काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर नुसता खड्डा खणून बसाल. युरियातला नत्र (नायट्रोजन) जमिनीत गेला की त्याचं नायट्रेट होतं, ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र बहुतेक मातीच्या कणांना चिकटून जातं, म्हणजे गढूळ पाणी दिसलं की स्फुरद चाललं समजा. पाणथळीत पाणी हळू झालं की गाळ खाली बसतो, त्याच्याबरोबर स्फुरद बसतं, आणि तळाच्या चिखलात जिथे हवा पोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. त्या जिवाणूंना खायला कुजलेला पालापाचोळा लागतो. झाडं थोडं खत घेतात, पण खरं काम चिखलाचं.

केवढी करायची? जेवढ्या जमिनीचं पाणी तिथे येतं त्याच्या १ ते ५ टक्के. आमचं सगळं मिळून ६००० चौरस मीटर, मी २ टक्के धरले, १२० चौरस मीटर, म्हणजे २० मीटर लांब आणि ६ रुंद. लांबोडकीच करा, रुंदीच्या निदान तिप्पट लांब, चौकोनी केली तर पाणी एका कोपऱ्यातून शिरून सरळ दुसऱ्यातून पळतं आणि बाकीचा भाग नुसता डासांना.

हा हिशोब पण करून बघा. एक फूट खोल धरली तर माझ्या पाणथळीत ३६ हजार लिटर मावतात. आपल्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही, तेवढ्यात ६००० चौरस मीटरवर ६ लाख लिटर पडतात, सगळे वाहून आले नाहीत तरी निम्मे धरा. म्हणजे जुलैच्या धो धो पावसात तुमची पाणथळ काहीही साफ करणार नाही, उलट बसलेला गाळ उचलून नेईल. म्हणून बाजूने एक जादा पाट ठेवायचाच, पातळी वाढली की पाणी तिकडून परस्पर जाईल असा. मी पहिल्या वर्षी हा पाट काढला नाही, शहाणपणा केला, मिरगाच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसात खालचा बांध मधोमध फुटला आणि लावलेली सगळी कर्दळ भातात. शेजारचे काका बांधावर उभे राहून म्हणाले, "उदकाक वाट दिली ना तर तें आपली करता." त्यांना तोंड वर करून बघवेना मला दोन दिवस.

खणायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, लावणी एप्रिलमध्ये झऱ्याचं पाणी देऊन, म्हणजे पावसाआधी मुळं धरतात. वरची काळी माती बाजूला काढून ठेवा, ती शेवटी परत पसरायची आहे. आपली जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, तेव्हा तळाला भातशेतातली चिकण माती वीतभर घालून ओली करून पायांनी तुडवा, चांगली तुडवा, दोन दिवस गेले तरी चालतील. पाणी आत येतं तिथे पहिले दोन-तीन मीटर कंबरभर खोल ठेवायचे, जाड गाळ तिथेच बसतो आणि वर्षाला तेवढाच काढावा लागतो. बाकी तळ वीतभर ते हातभर खोल आणि सपाट. सपाट आहे का ते डोळ्यांनी कळत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी बघतात तसं बघा.

बाहेर जायला चार इंची पीव्हीसी पाइप आणि त्याला वर तोंड करून एल्बो, सोल्युशन न लावता नुसता घट्ट बसवलेला. एल्बो फिरवून आडवा केला की पातळी खाली, उभा केला की वर. रोपं लहान असताना चार बोटं पाणी, मग हळूहळू वाढवायचं. एवढ्याशा एल्बोने माझं सगळ्यात जास्त काम केलंय. पाइपभोवती माती नीट ठोका, आणि खेकड्यांची बिळं बघत राहा, कुर्ल्या बांध पोखरतात ते आपल्या लोकांना सांगायला नको.

झाडं विकत आणू नका. पाणकणीस, लव्हाळा, वेखंड, कर्दळ जवळपास मिळतात, फुटवे काढून अर्ध्या मीटरवर एक. कडेला वाळा, बांध धरतो. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती ओहळात उतरली की गावभर शिव्या.

आता दोन-तीन गोष्टी ज्यावरून भांडणं होतात. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) पंप इथे धुवायचा नाही, मोरचुदाचं तांबं चिखलात साठत जातं आणि माशांना, जिवाणूंना मारतं. नैसर्गिक तळ्याला "पाणथळच आहे की" म्हणून आपलं पाट जोडायचं नाही, कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या) गेलं ते काय खताचं पाणी घ्यायला नाही. आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) हे करू नका, तिथे भरतीचं खारं पाणी, मानस (पाणी अडवायची-सोडायची दारं) आणि बांध सगळ्या गावाचे असतात. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची असेल तर नगर नियोजन खात्याची परवानगी लागते, तेव्हा तिथे आधी विचारा.

आणि हो, पाणथळ केली म्हणून खत ओतायचं नाही. सुपारीला झाडामागे वर्षाला १०० ग्रॅम नत्र पुरतं, म्हणजे युरिया साधारण २१७ ग्रॅम, तेही दोन हप्त्यांत, पाऊस उघडलेला बघून. आमच्याकडे घमेल्याने टाकायचे, मी वजनकाटा आणला तेव्हा घरात हसले. भाताला युरिया दिला की चार-पाच दिवस मेरेची (शेताच्या बांधाची) तोंडं बंद ठेवा, शेतातलं पाणी बाहेर सोडू नका.

दरवर्षी नोव्हेंबरात पाणकणीस पाण्याच्या वर वीतभर ठेवून कापायचं, कापलेलं तिथेच टाकलं तर त्यातलं खत परत पाण्यात, म्हणून बाहेर काढून केळीच्या बुडाशी घालायचं. कापणी एका वेळी निम्मीच, बेडूक आणि पाणकोंबड्यांना उरलेली लागते. खोल भागातला गाळ मी मार्चमध्ये काढतो, गेल्या वेळी अठरा घमेली निघाला, माडांना घातला. पट्टी महिन्यातून एकदा, येतं तिथे आणि जातं तिथे, पाऊस पडून दोन दिवस झाल्यावर. ऑक्टोबरात आतली गडद गुलाबी आली आणि बाहेरची फिकी, जुलैत दोन्ही सारख्याच.