भूकंपाच्या हादऱ्यांचे सिम्युलेशन: या चुका टाळा

सॉफ्टवेअर रन झाले, रंगीत नकाशा उमटला, की काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या अहवालांत एक चूक हमखास सापडते. भूकंपाच्या हादऱ्याची यंत्राने घेतलेली नोंद कुठे मोजली होती हे न पाहताच ती मॉडेलच्या तळाशी लावलेली असते.

उघड्या खडकावरच्या नोंदीत वर येणारी लाट आणि पृष्ठभागावरून परतलेली लाट दोन्ही असतात. ती मातीच्या थराखाली 'ताठ तळ' (फक्त नोंदीप्रमाणे हलणारा, लाटा आत न घेणारा) निवडून दिली, तर मातीतून खाली परतणाऱ्या लाटांना खडकात निघून जायला वाट उरत नाही आणि त्या थरातच अडकून पडतात. उदाहरण घ्या: ३० मीटर माती, कातर तरंगांचा (जमीन आडवी हलवणाऱ्या लाटांचा) वेग सेकंदाला २४० मीटर, घनता पाण्याच्या १.८ पट, डॅम्पिंग (हालचाल शमण्याचे प्रमाण) ५ टक्के. खालच्या खडकात वेग १५०० मीटर, घनता २.४ पट. थराची मूळ वारंवारता म्हणजे वेग भागिले चौपट जाडी, इथे २ हर्ट्झ. त्या वारंवारतेला ताठ तळ सुमारे १३ पट वाढ दाखवतो, लवचिक तळ (लाटांना खडकात जाऊ देणारा) ५ पट. आवर्तकाल (एका झोक्याचा वेळ) ०.५ सेकंद, म्हणजे साधारण चार-पाच मजली इमारती. नेमका त्यांच्याच वाट्याचा हादरा अडीच पट फुगतो. नोंद उघड्या खडकावरची असेल तर लवचिक तळ घ्या. बोअरहोलमध्ये त्याच खोलीवर मोजलेली असेल तरच ताठ.

कोयनेची ११ डिसेंबर १९६७ ची नोंद याच कारणासाठी जपून वापरायला हवी. धरणाच्या अक्षाला समांतर ०.६३ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) हा कमाल त्वरणाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण यंत्र धरणाच्या आतल्या गॅलरीत होते हे विसरले जाते. त्या नोंदीत धरणाची स्वतःची हालचालही मिसळलेली आहे. तिला मोकळ्या खडकाची नोंद समजून, हव्या त्या कमाल त्वरणापर्यंत गुणून कुठल्याही इमारतीला लावणे हा आळस आहे. जवळच्या, थोडा वेळ टिकलेल्या धक्क्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती हादरा, याचा आलेख) गुणाकाराने दूरच्या मोठ्या भूकंपाचा होत नाही. ७ पेक्षा कमी नोंदींची सरासरी आम्ही पाहतच नाही.

दुसरी चूक मेशची, म्हणजे मॉडेलच्या जाळीतल्या बिंदूंमधल्या अंतराची. एका तरंगलांबीत किमान १० बिंदू लागतात. वरच्याच मातीत १० हर्ट्झपर्यंत जायचे तर मेश २.४ मीटर हवा. २० मीटरचा घेतला, तर १.२ हर्ट्झच्या पुढचे सगळे निरर्थक. त्रिमितीत मेश निम्मा केला की गणना १६ पट होते, म्हणून घाई असलेले लोक मातीचा किमान वेग गुपचूप ५०० मीटरवर नेतात. पण मऊ माती मॉडेलमधून काढली, तर सिम्युलेशन कशासाठी केले? किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पडली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड धाबे असलेली बुटकी घरे. अशा घरांचा आवर्तकाल लहान असतो. १ हर्ट्झपर्यंतच्या सिम्युलेशनवरून त्यांचे नुकसान ठरवताच येत नाही. वरच्या वारंवारता स्टोकॅस्टिक (यादृच्छिक आकड्यांवर आधारित) पद्धतीने जोडा, आणि जोडाच्या जागी स्पेक्ट्रमला खड्डा पडला नाही ना, हे डोळ्यांनी पाहा.

बाकीच्या चुका थोडक्यात. गॅल (सेंमी प्रति सेकंद वर्ग) आणि जी यांची गल्लत झाली की उत्तर ९८१ पट चुकते. बेसलाइन (नोंदीची शून्यरेषा) न सुधारता त्वरणाचे दोनदा इंटिग्रेशन केले तर जमीन कुठच्या कुठे सरकलेली दिसते. अंतर कशापासून मोजायचे, भूकंपनाभीपासून की भ्रंशाच्या प्रतलापासून, हे हादऱ्याचा अंदाज देणाऱ्या समीकरणागणिक बदलते, आधी वाचा. फ्रॅजिलिटी वक्र (किती हादऱ्याला नुकसानीची शक्यता किती, हे सांगणारा) स्पेक्ट्रल त्वरणाचा, म्हणजे ठरावीक आवर्तकालाच्या इमारतीला बसणाऱ्या त्वरणाचा असेल तर त्यात कमाल त्वरण टाकू नका.

जिल्ह्याच्या एकूण नुकसानीत मात्र विखुरणी, म्हणजे अंदाजाभोवतीचा फरक, नीट धरा. प्रत्येक गावासाठी स्वतंत्र यादृच्छिक आकडा काढला की चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि एकूण नुकसानीचा पट्टा खोटा अरुंद दिसतो. भूकंपागणिक येणारा फरक प्रत्येक रनला एकदाच काढा, सगळ्या गावांना तोच लावा. गावागावांतला उरलेला फरक अंतरानुसार सहसंबंध धरून काढा.